सहा गाणी, सात पट्टे

नंदू, तुझा फोटो फ्रेम करायची वेळ आली तेव्हा जमलेल्यांपैकी चार जणांच्या तोंडून एकदमच निघालं, "नंदूकडे टाका." पेठेत फ्रेम करायची म्हणजे तुझंच दुकान, इतकी ती सवय.

शेवटी तुझ्या मेहुण्याने कुठूनतरी तयार फ्रेम आणली. सोनेरी प्लॅस्टिकची, चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी. तेराव्यापर्यंत तू त्या चौकटीत बसून होतास आणि मला सारखं वाटत होतं, आता हा काहीतरी खवचट बोलणार. तूच म्हणायचास ना, लग्नाचे फोटो लोक टाकतात आणि तीन-तीन वर्षं न्यायला येत नाहीत, पण मेलेल्या माणसाचा फोटो मात्र अर्जंट असतो. माझे बाबा गेले तेव्हा मी तुला काही सांगायच्या आधीच तू फोटो घेऊन दारात उभा होतास. सिंहगडाच्या सहलीतल्या ग्रुप फोटोतून तू त्यांना वेगळं काढलं होतंस. त्यांच्या खांद्यावर माझा अर्धा हात राहिला होता. "तो ठेवलाय मुद्दाम," एवढंच म्हणालास. मी तुला तेव्हा धन्यवादसुद्धा दिले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती.

मला तुझ्याशी दुसऱ्याच फ्रेमबद्दल बोलायचंय. इतकी वर्षं टाळलं. आता टाळायला तूच नाहीस.

आपली सुरुवात आठवतेय? मी सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारा, साताऱ्याहून आलेला कॉलेजचा पोरगा, आणि तू खालच्या फ्रेमच्या दुकानदाराचा मुलगा. तुझे वडील दुपारी एकला जेवायला आणि वामकुक्षीला वर जायचे. चारपर्यंत दुकान बंद. शटर अर्धं खाली ओढून तू टेपरेकॉर्डर काढायचास. एका कॅसेटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरवून घेतलेला तो रॉक. गिटारपेक्षा खरखर जास्त. भिंतीवर गणपती, लक्ष्मी, अक्कलकोटचे स्वामी आणि पेठेतले निम्मे दिवंगत आपल्याकडे बघत असायचे, आणि आपण दोघं माना हलवत बसायचो. इंग्रजी शब्द आपल्याला दहातले चार कळायचे. तुझ्या वडिलांना पक्षाघात झाला आणि तू दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंस. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. माझं पहिलं अपॉइंटमेंट लेटर तू सागवानी पट्टीत फ्रेम करून दिलंस आणि म्हणालास, "घे, सुटलास त्याचं सर्टिफिकेट."

मी सुटलो आणि तू अडकलास, असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगू? बराच काळ तसंच वाटत राहिलं.

मग कॅम्पातलं ते जुनं रेकॉर्डचं दुकान बंद व्हायला आलं. सीडी आल्या होत्या, रेकॉर्ड कोणी विचारत नव्हतं. तिथले म्हातारे मालक काच फुटलेली एक मोठी फ्रेम रिक्षात घालून तुझ्याकडे आले. आत पांढऱ्या कापडावर एक सोनेरी तबकडी, खाली पितळी पट्टी. परदेशात एखाद्या बँडच्या रेकॉर्डच्या ठरावीक लाख प्रती खपल्या की रेकॉर्ड कंपनी अशी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चौकटीत घालून मान म्हणून देते, हे आपल्याला त्या दिवशी समजलं. बँडला देतेच, पण रेडिओवाल्यांना, दुकानदारांना, गोदामातल्या माणसांनाही देते. पट्टीवर त्यांचं नाव असतं. तू काच बदललीस. म्हातारे न्यायला आले तेव्हा म्हणाले, "ठेव तूच. माझ्या घरात आता हे कोण बघणार?"

तिथून तुला वेड लागलं. मी तुला ई-मेल काढून दिला आणि तू इंटरनेट कॅफेत बसून परदेशातल्या संग्राहकांना तुझ्या त्या अचाट इंग्रजीत पत्रं लिहायला लागलास. त्यांच्यापैकी एकाने तुला विचारलं, मागचा मूळ कागद शाबूत आहे ना? चौकटीच्या पाठीला लावलेला तो तपकिरी कागद, त्याच्यावरची कारागिराची चिठ्ठी, हीच त्या वस्तूची खरी ओळख. तो एकदा फाडला की संपलं, मग ती खरी की खोटी कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि तू तर काच बदलताना तो टराटरा फाडून, नवा कागद खळीने डकवून, वर आपल्या दुकानाचा शिक्का मारला होतास. इतक्या सफाईने केलं होतंस, बिचाऱ्या! आठवडाभर तू जेवला नव्हतास नीट. "माझ्याच हाताने मारली रे," म्हणायचास. तेव्हापासून तुझा नियम झाला, काही झालं तरी पाठ उघडायची नाही.

पाठ बघायची खोड मात्र जन्माची. कोणाच्याही घरी गेलास की भिंतीवरचं चित्र उलटं करायचास. माझ्या वाघोलीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गुरुजी मंत्र म्हणत होते आणि तू माझ्या सासऱ्यांनी दिलेला गणपती भिंतीवरून काढून त्याची पाठ तपासत होतास. "देव चांगला आहे, खिळे थर्ड क्लास," असं सासऱ्यांच्या समोर म्हणालास. ते अजून विसरलेले नाहीत.

आपलं पहिलं मोठं भांडण तुझ्या दुसऱ्या तबकडीवरून झालं. मी ती उजेडात धरून पट्टे मोजले. रेकॉर्डवर प्रत्येक गाण्याचा एक पट्टा दिसतो, मध्ये बारीक मोकळी जागा. लेबलवर पाच गाणी आणि तबकडीवर चार पट्टे. मी टाळी वाजवली, "नंद्या, गंडवलं तुला! बनावट आहे." तू शांतपणे सांगितलंस, बऱ्याचशा अशाच असतात. मुलामा देणारा कारागीर गोदामात हाताला लागेल ती जुनी रेकॉर्ड घेतो, सोनं चढवतो आणि वर हव्या त्या बँडचं लेबल लावतो. आत कोणाचं गाणं आहे, ते कोणालाच माहीत नसतं. मला हसू आवरेना. म्हटलं, मग उघडून वाजवूया की एकदा! तू असं काही बघितलंस माझ्याकडे, जसं मी स्वामींच्या फोटोवर पाय ठेवायला निघालोय.

"अरे, पण खोटीच आहे ना ती?" मी म्हणालो.

"ज्याला मिळाली त्याला खरी होती," तू म्हणालास. "त्याने कधी वाजवून बघितली नाही."

पुढची दोन वर्षं हेच. मी म्हणायचो वाजवू, तू म्हणायचास नाही. दरम्यान तुझ्या भिंतीवर देव आणि दिवंगत यांच्यामध्ये सोनेरी तबकड्या वाढत गेल्या. पेठेतल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेला जायला लागलं होतं, आणि तू प्रत्येकाला बजावायचास, "चॉकलेटं नकोत, जमलं तर एक फ्रेम आण." गिऱ्हाइकं गोंधळायची. एका आजींनी तर विचारलं, "ही ताटं रुखवतात मांडायला भाड्याने देता का हो?" तू म्हणालास, "देतो, पण जेवायला बसायचं नाही."

आणि मग मीही अमेरिकेला गेलो. दोन हजार साल यायच्या आधी सगळ्या जगातल्या कॉम्प्युटरांना वर्ष चार आकड्यांत लिहायला शिकवायचं होतं, त्या कामावर. निघायच्या आदल्या दिवशी तू माझ्या हातात एक पत्ता ठेवलास. रेकॉर्ड कंपनीच्या गोदामात खोकी भरणारा एक माणूस, आता निवृत्त. तू त्याच्याशी सहा महिने पत्रव्यवहार करत होतास. त्याला त्याच्या कंपनीने दिलेली तबकडी तो तुला देणार होता. तुला बँडवाल्यांच्या तबकड्यांचं कौतुकच नव्हतं. "ज्याने खोकी उचलली त्याची पाहिजे मला," म्हणायचास.

मी गेलो त्याच्याकडे एका शनिवारी. त्याने ती भिंतीवरून काढली तेव्हा खाली भिंतीचा मूळ रंग चौकोनी दिसला. फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून त्याने ती मला दिली आणि दोनदा विचारलं, तुझा मित्र टांगणार आहे ना ही? नुसती ठेवून नाही ना देणार? मी म्हटलं, तो टांगेल.

चादर मी खोलीवर आल्या आल्या सोडली. पहिल्यांदा काय केलं असेल? पट्टे मोजले. लेबलवर सहा गाणी. तबकडीवर सात पट्टे.

माझ्या रूममेटने कोणीतरी रस्त्यावर टाकून दिलेला एक रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला होता. तो कोपऱ्यात तसाच पडून होता. मी रविवारभर त्याच्याकडे बघत होतो, नंदू. सुटकेसमध्ये फ्रेम मावत नाही, पट्ट्या सुट्या कराव्या लागतील, असं कारण मी स्वतःला दिलं. ते खोटं होतं, ती मावत होती. मला ते भांडण जिंकायचं होतं, बस. संध्याकाळच्या आत मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि पाठीचा कागद कापला. कारागिराची चिठ्ठी मधोमध फाटली. तबकडी काढली आणि सुई ठेवली.

मी ती ऐकली. सातही पट्टे ऐकले. पहिल्या दोन मिनिटांत मी हसून जमिनीवर लोळलो. मला आधी तुलाच फोन करायचा होता. हातात रिसीव्हर घेतला, आणि तेव्हा कुठे माझं लक्ष टेबलावरच्या फाटक्या चिठ्ठीकडे गेलं. सोन्यावर सुईची एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. मी रिसीव्हर ठेवला.

मग काय, खोकी बंद करायची तपकिरी टेप लावून पाठ चिकटवली. माझ्या हाताची सफाई तुला माहीतच आहे. एक पट्टी तिरकी गेली, ती काढायला गेलो तर कागद आणखी फाटला, म्हणून तिच्यावर दुसरी लावली. ती पहिलीपेक्षा तिरकी.

परत आल्यावर तुझ्याकडे आलो ती वेळ दुपारी एकची. तू शटर ओढलंस, चादर सोडलीस आणि अर्थातच फ्रेम उलटी केलीस. अंगठा त्या टेपवरून सावकाश फिरवलास, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"त्या गोदामवाल्या म्हाताऱ्याने केलंय हे?"

"हो," मी म्हणालो. "त्याच्याकडे असंच होतं."

"असं होय," म्हणालास. मग सुलटी केलीस, उजेडात धरलीस. सुईची ती रेघ तुला दिसली नसेल हे शक्य नाही, पण तू पट्टे मोजलेस. "लेबलावर सहा आणि इथे सात," म्हणालास, आणि माझ्याकडे बघून विचारलंस, "कोणाची असेल रे ही?"

"काय माहीत," मी म्हणालो.

तू ती तुझ्या बसायच्या जागेच्या बरोबर समोर टांगलीस. चहा मागवलास. त्यानंतर तू मला कधीही फ्रेम आणायला सांगितली नाहीस. मी पुढे पाच वेळा अमेरिकेला गेलो, दर वेळी तुझ्याकडून निघताना वाट बघायचो, आणि तू म्हणायचास, "जपून जा." मी मनाशी धरलं की तू मला मनातून काढून टाकलंस. मग माझं येणं कमी झालं. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग गणपतीत आणि दिवाळीत. वाघोलीहून सदाशिव पेठेत यायचं म्हणजे ट्रॅफिक केवढा, हे कारण सगळ्यांना पटायचं. फोनवर तू इकडचं तिकडचं बोलायचास आणि ठेवता ठेवता हमखास विचारायचास, "सुध्या, कोणाची असेल रे ती?" मला ते टोचायचं. वाटायचं, हा मला अजून सोडत नाही. मी म्हणायचो, "असेल कोणाची तरी," आणि ठेवून द्यायचो.

काल वहिनींनी बोलावलं. तुझा फोटो दुकानात लावायचा होता आणि तुझ्या जागेसमोर लावायचा तर ती फ्रेम काढावी लागणार होती. मी स्टुलावर चढलो. म्हटलं, उतरवताना पाठ भिंतीकडेच ठेवावी, वहिनींना दिसायला नको.

"बघू ती पाठ," वहिनी म्हणाल्या. "जपून, सुधीरभाऊजी. तुमचीच कलाकारी आहे ती."

मी स्टुलावरच थांबलो.

"अहो, निम्म्या पेठेने बघितलीय ती," त्या म्हणाल्या. "कोणी नवीन माणूस आलं की उलटी करून दाखवायचे. 'हे बघा सॉफ्टवेअर इंजिनियरचं काम. ही टेप सरळ लावता येत नाही आणि अमेरिका ह्यांच्याकडून कॉम्प्युटर दुरुस्त करून घेते.' "

बाकीच्या प्रत्येक फ्रेमची तू काळजी घेत होतास, कोपरे सुटले तर खळ लावत होतास. हिच्यावरची टेप सुकून पिवळी पडली होती, कडा उचलल्या होत्या, आणि तू तिला हात लावला नव्हतास. तिरकीच्या तिरकी ठेवली होतीस.

"मला कधी बोलला नाही तो," मी म्हणालो.

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मी स्टुलावरून उतरलो. वहिनींनी फ्रेम माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली. "मी म्हणायचे, विचारा की सरळ. तर म्हणायचे, 'नाही, त्याचं त्यानं सांगू दे. मीसुद्धा मारलीय एक, मला कळतं कसं वाटतं ते. त्याने ऐकलीय ती. सुध्याच्या पोटात काही राहत नाही, येईल सांगायला.' दुसरी फ्रेम तुम्हाला आणायला सांगायची नाही, तुम्हाला परत अवघडल्यासारखं होईल, असंही म्हणाले होते." त्यांनी फ्रेम परत माझ्या हातात दिली. "दवाखान्यातसुद्धा म्हणाले. 'सुध्या आला का? सांगेल आता.' "

मी दवाखान्यात आलो होतो, नंदू. दोनदा. तू विचारलंस वाघोलीला पाणी येतं का, आणि मी वीस मिनिटं टँकरबद्दल बोललो.

मला राग येतो तुझा. एकदा शिवी द्यायची होतीस. "हरामखोरा, उघडलीस ना?" एवढं म्हणाला असतास तर मी तिथेच सगळं ओकलो असतो. माझी वाट बघत बसलास. आणि मी मूर्ख, तुझ्या प्रत्येक "कोणाची असेल रे" मध्ये टोमणा शोधत बसलो. सबंध पुण्यात एकच माणूस होता ज्याने तीच चूक स्वतः केली होती, आणि मी नेमका त्याच्यापासून लपवली.

"काय आहे हो त्यात?" वहिनींनी विचारलं.

"आधी त्याला सांगतो," मी म्हणालो. त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि त्या वर गेल्या.

दुपारचा एक वाजला होता. मी शटर अर्धं खाली ओढलं. तुझा फोटो त्या प्लॅस्टिकमधून सोडवला. तुझ्या रॅकवर सागवानी पट्टीचे तुकडे होते, माझ्या लेटरला वापरली होतीस तसलेच. तुझी करवत घेतली. कोपरे जुळले नाहीत, फट राहिली, ते तुला दिसेलच. काच बसवली, पुठ्ठा लावला, पाठीला तपकिरी कागद डकवला. खळ संपलेली होती म्हणून टेप लावली. तिरकी गेली. काढली नाही. मग तुला खिळ्याला टांगलं, ती तबकडी तुझ्यासमोर टेबलावर उभी केली आणि तुझ्या स्टुलावर बसलो.

तर ऐक. गाणं नाहीये ते. एक बाई आहे. पोपटाला बोलायला शिकवायची रेकॉर्ड आहे ती, नंद्या. त्या लोकांनी तसल्याही काढल्या होत्या. रॉकच्या लाखो प्रती खपल्या म्हणून त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर अभिमानाने भिंतीवर टांगली, तू देवांच्या शेजारी टांगलीस, आणि आत एक बाई पोपटाला "हॅलो" म्हणतेय. सात पट्टे, सात वाक्यं. एकेक वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणते, अगदी शांतपणे, न चिडता. "हॅलो." मग थांबते, पोपटाला उत्तर द्यायला वेळ देते. नुसती खरखर ऐकू येते. मग परत, "हॅलो." शेवटच्या पट्ट्यात ती विचारते, "कसा आहेस?" आणि थांबते.

मी हे सगळं मोठ्याने सांगितलं. बाहेर कोणीतरी शटरवर थाप मारली आणि बंद आहे बघून निघून गेलं. तू हसायला हवं होतंस. मी सांगताना हसेन असं मला वाटलं होतं, पण तसं झालं नाही.

"नंदू, कसा आहेस?" मी विचारलं.

ती बाई जेवढं थांबते, तेवढं थांबलो. मग परत विचारलं.